तिसऱ्या मजल्याची वही

बाब्रुइस्कच्या टायर कारखान्यात, फाटकावर
एकतीस वर्षं मी वजनकाटा सांभाळला.
ट्रक यायचा, थांबायचा, सुई थरथरायची.
ती स्थिर होईपर्यंत मी कुणाशी बोलायचो नाही.
बायको म्हणायची, तुझा घाससुद्धा तोंडापाशी थांबतो.

ती गेल्यावर, दुसऱ्या हिवाळ्यात
लेफ्टनंट घरी आले, चौकड्यांची वही घेऊन.
तिमाफेय काका, तुमची नजर पक्की.
वर यानिना राहते ना, पेपरात लिहिणारी?
कोण येतं, कोण जातं, टिपायचं. बस्स.
पेन्शनचा विषय त्यांनी काढला नाही,
नुसतं टेबलावरच्या पेन्शनबुकाकडे पाहिलं.
नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

सोमवार. सात चाळीस. यानिना बाहेर. पिशवी रिकामी.
संध्याकाळी सात दहा. परत. राईचा पाव, केफिर दोन.
बुधवार. लांब पेटी घेतलेला माणूस वर गेला.
पेटीत बंदूक असावी, असं लिहिलं आणि खोडलं.
वाटलं ते लिहायचं नसतं. जिन्यात गाठून विचारलं.
पेटीत बाजा होता, आणि तो पत्ता चुकला होता.
गुरुवार. वसतिगृहातल्या पोरांच्या दोन आया, डोळे सुजलेले.
आत चाळीस मिनिटं. जाताना एकीच्या हातात
यानिनाचा रुमाल.

त्या का आल्या, हे वहीत मागितलं नव्हतं.
पण सुई अर्ध्यात अडकली की मला झोप येत नाही.
विचारत गेलो. बॉयलरचं पाणी, पोरांचे भाजलेले पाय,
कुणाच्या तरी मेव्हण्याला मिळालेलं कंत्राट.
यानिनाने हे सगळं कधीच छापलं होतं.
तिचा पेपर मी मासे गुंडाळायला घ्यायचो.
त्या रात्री मासा बाजूला काढून कागद वाचला.
तेलकट होता, पण आकडे जुळत होते.
एक सोडून. टाक्या सात नव्हेत, आठ.
तिच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली, बिनसहीची.
पुढच्या अंकात, कोपऱ्यात, दुरुस्ती आली.

लेफ्टनंट वही चाळत म्हणाले, हे काय काका? पाव? केफिर?
परदेशी माणसं लिहा. पाकिटं लिहा, जाडजूड.
मी म्हटलं, आली तर लिहीन.
आली आहेत असं धरून चला, ते हसले.
कारखान्यातही कितीजण म्हणायचे,
काट्याखाली नुसतं एक बोट, बाकी आम्ही बघतो.
मापात पाप करणारा मी नव्हे, हे तेव्हा सोपं होतं.
काट्यावर ट्रक असायचा.

एकवीस नोव्हेंबर. पहाटे पाच पन्नास.
सहा जण, चौघांचे चेहरे झाकलेले.
दारावर तीन घाव. दुसऱ्यालाच तिने कडी काढली होती,
तिसऱ्याची गरज नव्हती.
एका पायात सपाता, दुसरा पाय उघडा.
माझ्या मजल्यापर्यंत अठरा पायऱ्या.
दारापाशी ती क्षणभर थांबली.
आतून भिंगाला डोळा लागलाय, हे तिला ठाऊक असावं.
म्हणाली, आठच होत्या.
एकाने तिला पुढे ढकललं. तेही लिहिलं.

दुसरी सपाता जिन्यात राहिली होती.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एकशे दहा ग्रॅम.
हे का लिहिलं, सांगता येणार नाही.

आता लेफ्टनंट तयार जबाब घेऊन बसलेत.
त्यात पाकिटं चार आहेत, परदेशी दोन.
खाली ठिपक्यांची ओळ. सही तेवढी, म्हणतात.
मी चष्मा शोधतो. तो डोळ्यांवरच असतो.
मग त्यांच्यादेखत वही ओढतो.
पेन्सिल थरथरते.
ती स्थिर होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही.

मंगळवार. चार वीस. लेफ्टनंट आले.
बूट पुसले नाहीत.